डर्बी मारणाऱ्या घोड्याची आजी

घोड्यांच्या रेसचा कुठलाही गेम घ्या, नवीन माणूस पहिले पैसे स्टॅलियनवर, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्यावर उडवतो. यादी उघडायची, सगळ्यात जास्त फीवाला घोडा शोधायचा आणि आपल्या पागेत जी असेल ती घोडी त्याच्याकडे पाठवून द्यायची, की झालं. माझ्या आत्याचा मुलगा, आमचा दादा, तो पण असाच खेळायचा, गेम मला त्यानीच दिला, जुन्या लॅपटॉपसकट, आणि सांगितलं की बाप चांगला घे बाकी सगळं आपोआप होतं. मी त्याचं सेव्ह केलेलं स्टड, म्हणजे पैदाशीचं फार्म, उघडून बघितलं तर बाप एकाहून एक भारी आणि शिंगरं सगळी मधल्या फळीतली. घोडं पेंड खातंय कुठे ते तिथेच दिसत होतं. म्हणून मी माझं स्टड सुरू केलं ते घोड्यांच्या आयांपासून, आणि आज माझा तांडेल नावाचा घोडा गेममधली डर्बी ही सगळ्यात मानाची रेस मारून बसलाय त्याचं श्रेय मी त्याच्या बापाला देतच नाही, त्याच्या आजीला देतो. ती कशी सापडली, तिच्यापासून पुढे काय काय केलं ते सविस्तर लिहितोय, कारण मला कुणी हे मराठीत सांगितलेलं नव्हतं.

आम्ही रेवदंड्याचे. नारळ-सुपारीची वाडी, आणि घराच्या मागे दोन खोल्या पर्यटकांसाठी, घरगुती राहण्या-जेवणाची सोय वगैरे. जूनला १ तारखेपासून मासेमारी बंद, गेटवेच्या लाँचा बंद, खोल्या रिकाम्या, पाऊस असा की वाडीत पण धड काम होत नाही. त्या दिवसात गेम खरा खेळला गेला. लाईट गेली की बॅटरी संपेपर्यंत खेळायचं आणि मग वही काढून हिशोब करायचा. रेस म्हटलं की आईच्या डोक्यात आधी जुगार येतो, तिला दाखवलं की यात पैसे लावायचेच नाहीयेत, घोडे जन्माला घालायचेत, तेव्हा ती शांत झाली आणि नंतर तर शिंगरांची नावं तीच सुचवायला लागली.

आधी गेमचं गणित. जपानात १९९१ ला डर्बी स्टॅलियन आणि १९९३ ला विनिंग पोस्ट आले, तेव्हापासून या प्रकारच्या गेमचा सांगाडा साधारण तोच आहे, घोडी विकत घ्या, तिला स्टॅलियनकडे पाठवा, शिंगरू वाढवा, ट्रेनिंग द्या, पळवा, आणि निवृत्त झालं की त्याच्यापासून पुढची पिढी. माझ्या गेममध्ये तर कॅलेंडरसुद्धा खऱ्यासारखंच आहे. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते, म्हणजे वर्षाला एकच शिंगरू. आणि उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, आपल्या महालक्ष्मीला पळणाऱ्या घोड्यांचा पण. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यावर घोडी पाठवली तर शिंगरू पुढच्या जानेवारीत येतं आणि दोन वर्षांच्या घोड्यांच्या रेसला ते मे महिन्यात जन्मलेल्या शिंगरापेक्षा चांगलं चार महिने मोठं असतं, कागदावर वय सारखंच. उलट फार घाई केली आणि शिंगरू डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं तर आठवड्याभरात ते एक वर्षाचं धरलं जातं आणि कायमचं मागे पडतं. मी सगळ्या घोड्या फेब्रुवारी-मार्चमध्येच पाठवतो. महाग स्टॅलियनची जागा मेमध्ये स्वस्त मिळते तरी मी घेत नाही.

आता घोडी. स्टॅलियन तुम्हाला भाड्यानी मिळतो हो. फी भरली की जगातला सगळ्यात भारी घोडा एका दिवसापुरता तुमचा, पुढच्या वर्षी दुसरा. घोडी मात्र तुमच्या पागेत दहा-बारा वर्षं राहणार आणि प्रत्येक शिंगरात अर्धा वाटा तिचा असणार. मग पैसे आणि डोकं कुठे लावायचं? खऱ्या जगात बघा, अर्बन सी नावाची घोडी, तिनी स्वतः १९९३ ला पॅरिसची आर्क ही रेस जिंकली, मग तिचा गॅलिलिओ २००१ ला इंग्लंडची डर्बी जिंकला आणि दुसऱ्या बापापासून झालेला सी द स्टार्स २००९ ला डर्बी आणि आर्क दोन्ही जिंकला. बाप वेगवेगळे, आई एकच. मला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

माझ्याकडे सुरुवातीला अर्बन सी घेण्याइतके पैसे अर्थातच नव्हते. गेममध्ये रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांचा लिलाव असतो, तिथे बहुतेक लोक जिंकलेल्या रेसचा आकडा बघून बोली लावतात, त्यामुळे न जिंकलेली घोडी मातीमोल जाते. मी तो कॉलम बघणंच सोडून दिलं. मी बघत होतो तीन गोष्टी, एक म्हणजे तिच्या आईची बाकीची पोरं काय करतायत, दुसरं पाय, आणि तिसरं स्वभाव. अशी एक घोडी मिळाली, एकही रेस जिंकलेली नव्हती पण तिच्या दोन सावत्र बहिणी मोठ्या रेस मारून बसलेल्या, पायाचा गुण वरच्या दर्जाचा, स्वभाव थंड. वेग होता, पण हजार-बाराशे मीटरच्या पुढे दम नाही. तिच्यावर दुसरं कुणी बोलीच लावली नाही. तिचं नाव आईनी भरती ठेवलं.

पायाचं एवढं मनावर का घेतलं, तर आमच्या शेजारच्या काकांमुळे. त्यांची घोडागाडी आहे, सीझनला किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात. त्यांच्याकडे एक तपकिरी घोडी आहे, तिला रोज संध्याकाळी परत आणलं की काका गाडी सोडायच्या आधी तिचे चारही पाय एकेक करून उचलतात. तिच्या अंगाला पाठ लावून उभं राहायचं, हात खांद्यापासून खाली सरकवत न्यायचा, ती आपणहून पाय उचलते, मग तो मांडीवर घेऊन लोखंडी आकड्यानी खुरातली रेती आणि शिंपल्याचे तुकडे काढायचे, मधल्या मऊ भागावर अंगठा दाबून बघायचं, आणि शेवटी नाक जवळ नेऊन वास घ्यायचा, कारण खूर आतून कुजायला लागलं की वासावरून आधी कळतं. मी विचारलं, काका एवढं रोज कशाला, तर म्हणाले, "अरे, घोडा पायावर उभा असतो. बाकी सगळं नंतर. आणि घोडी घेताना तिचा स्वभाव बघायचा, शिंगरू सहा महिने तिच्याच मागे फिरणार, ती गाडीला बुजली की ते पण बुजणार." काकांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. पण गेम बनवणाऱ्यांनी नेमकं हेच त्यात घातलंय, शिंगराचा स्वभाव आईकडून जास्त येतो आणि पाय कच्चे असले तर जोराचं ट्रेनिंग देताच येत नाही, दिलं की घोडा तीन महिने बसून.

आणि दुसरं म्हणजे आजोबा. आमची वाडी बाणवली नारळाची. नारळाचं आंब्यासारखं कलम होत नाही, रोप करायचं तर नारळ रुजवूनच, आणि बाणवलीत पराग दुसऱ्या झाडावरून येतो त्यामुळे बाप कोण ते काही कळत नाही. म्हणून आजोबा सगळा जीव मातृवृक्ष निवडण्यात घालायचे, वर्षानुवर्षं सारखं धरणारं झाड, झावळ्या आखूड आणि मजबूत, वरून छत्रीसारखं भरलेलं. त्याचेच नारळ रुजत घालायचे आणि त्यातली पण जी लवकर रुजतील आणि बुंध्याला जाड असतील तीच रोपं ठेवायची, बाकीची काढून टाकायची. लहानपणापासून मी हे बघत आलोय. त्यामुळे गेममध्ये भरती सापडली तेव्हा पुढे काय करायचं यासाठी मला वेगळं काही शिकायला लागलं नाही.

आता अंतराचा विषय, हा सगळ्यात रंजक आहे आणि यावर मी बराच वेळ घालवला. २०१० मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातल्या एमेलिन हिल आणि त्यांच्या टीमनी शोधून काढलं की घोडा छोट्या अंतराचा की लांब पल्ल्याचा हे मायोस्टॅटिन नावाच्या एका जीनवर खूप अवलंबून असतं. त्याचे दोन प्रकार, सी आणि टी. दोन्हीकडून सी आला तर छोट्या अंतराचा, म्हणजे स्प्रिंटर, दोन्हीकडून टी आला तर लांब पल्ल्याचा, आणि एक सी एक टी असला तर मधला. हे कळल्यावर मला शंका आली की गेममध्ये पण असंच काहीतरी लपवलेलं असणार, कारण स्क्रीनवर अंतर नुसतं मीटरमध्ये दिसतं, जोडी दिसत नाही. मग वहीत प्रत्येक घोडीला एक पान दिलं. वर तिचं नाव, खाली रकाने, वर्ष, बाप, बापाचं अंतर, शिंगरू नर की मादी, शिंगराचं अंतर, पाय, स्वभाव, आणि शेवटी ठेवलं की विकलं. पानं भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. स्प्रिंटर आणि लांब पल्ल्याचा असं जोडलं की शिंगरू कायम मधल्या अंतराचं. मधला आणि मधला जोडला की चारात साधारण एक स्प्रिंटर, दोन मधले, एक लांब पल्ल्याचा. शाळेत वाटाण्यांचं जे शिकलो तेच.

याचा उपयोग असा, की डर्बी म्हणजे २४०० मीटर. इंग्लंडची पण साधारण तेवढीच आणि आपली इंडियन डर्बी पण २४००. नुसता दम असलेला घोडा तिथे शेवटच्या चारशे मीटरला मागे पडतो आणि नुसता वेगवाला तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून मी भरतीला स्वस्तातल्या, जुन्या, लांब पल्ल्याच्या घोड्याकडे पाठवलं, ज्याला कुणी विचारत नव्हतं कारण त्याची शिंगरं दोन वर्षांची असताना काहीच करत नाहीत. दादा म्हणाला, वेडा आहेस का, फुकट वर्ष घालवतोयस. पण मला रेस जिंकणारं शिंगरू नकोच होतं त्या वर्षी, मला एक घोडी हवी होती. पहिला नर झाला, तो विकला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच स्टॅलियन आणि यावेळी मादी झाली, मधल्या अंतराची, आईचे पाय, आईचा थंड स्वभाव, आणि वेग आईपेक्षा थोडा कमी पण दम दुप्पट. तिचं नाव उधाण. थरोब्रेडच्या नावाला खऱ्या जगात मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरांची मर्यादा असते, गेममध्ये पण आहे, आमच्या नावांना ती कधी आड आली नाही.

उधाणनी तीन वर्षांची असताना १६०० ते २००० मीटरच्या बऱ्याच रेस मारल्या, फार मोठ्या नाहीत, पण कायम पहिल्या तिनात. इथे एक निर्णय घ्यावा लागतो. चांगली पळणारी घोडी अजून दोन वर्षं पळवली तर बक्षिसाचे पैसे मिळतात, पण तेवढी शिंगरं कमी होतात. मी तिला चार वर्षांची होताच थांबवलं. पैशाची चणचण होती तरी थांबवलं, कारण पैसा कुठलाही घोडा पळवून मिळतो, उधाण परत मिळाली नसती.

मग तिच्यासाठी नवरा शोधणं. यात मी एक पूर्ण पावसाळा घालवला म्हटलं तरी चालेल. गेममध्ये चार पिढ्यांची वंशावळ दिसते आणि एकच पूर्वज दोन्ही बाजूंनी आला तर शिंगराचा वेग वाढायची शक्यता असते आणि पाय कच्चे निघायची पण. कितव्या पिढीत आला त्यावर सगळं. तिसऱ्या पिढीतल्या पूर्वजाचं रक्त साडेबारा टक्के, चौथ्या पिढीतल्याचं सव्वासहा टक्के, दोन्ही मिळून १८.७५. तीन गुणिले चार म्हणतात त्याला, आणि जपानी लोक या आकड्याला चमत्काराचं रक्त म्हणतात. उगाच नाही म्हणत, फ्रँकेल बघा, २०१० ते २०१२ मध्ये चौदा रेस पळला आणि चौदाच्या चौदा जिंकला, तो नॉर्दर्न डान्सरवर बरोब्बर तीन गुणिले चार आहे. त्याहून जवळचं पण झालंय, एनेबल नावाची घोडी सॅडलर्स वेल्सवर तीन गुणिले दोन, म्हणजे बापाचा आजा आणि आईचा बाप एकच, आणि तिनी २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन वर्षं आर्क जिंकली. पण एनेबलसारखं जोडायला आईचे पाय दगडासारखे लागतात, दादा ते कच्च्या पायाच्या घोड्यांवर करायचा आणि मग त्याची अर्धी पागा दुखापतीच्या यादीत असायची.

भरतीकडून आलेले पाय इथे कामाला आले. मला असा स्टॅलियन मिळाला ज्याचा आजा आणि उधाणच्या बापाचा आजा एकच होता. तीन गुणिले चार. स्टॅलियन मधल्या अंतराचा, फी मध्यम, स्वतः डर्बीत दुसरा आलेला. त्याच्याकडे उधाणला पाठवायला लागलो, दरवर्षी त्याच्याचकडे. लोक दरवर्षी नवरा बदलतात, मला ते पटत नाही, एक जोडी जमतीये असं वाटलं तर तिला चार-पाच शिंगरांची संधी द्यायलाच हवी, एका शिंगरावरून जोडीबद्दल काहीच कळत नाही. पहिलं शिंगरू स्प्रिंटर निघालं. दुसरं मधल्या अंतराचं पण पाय मऊ. तिसरी मादी, अंतर चांगलं, वेग साधारण, ती ठेवली, नाव फेणी. आणि चौथा तांडेल.

इथे एक सांगतो, ज्यांना चॅम्पियन गुणिले चॅम्पियन म्हणजे चॅम्पियन असं वाटतं त्यांच्यासाठी. तसं होत नाही. दोन फार भारी घोड्यांचं शिंगरू बहुतेक वेळा त्या दोघांपेक्षा थोडं खालीच येतं, कारण आईबाप भारी होते ते त्यांना सगळे चांगले पत्ते एकदम मिळाले म्हणून, आणि शिंगराला प्रत्येकाकडचे अर्धेच पत्ते मिळतात, कुठले ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच असतं की वाईट पत्ते घराण्यातूनच कमी करत आणायचे. म्हणून मी कच्च्या पायाची मादी कधीच पागेत ठेवली नाही, कितीही वेगवान असली तरी. आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका, ग्रे घोडा हवा म्हणून जोड्या लावणारे खूप आहेत, ग्रे हवा असेल तर आईबापातला एक तरी ग्रे लागतो आणि दोन्ही चेस्टनट, म्हणजे तांबूस, असले तर शिंगरू चेस्टनटच येणार, एवढं माहीत असलं की रंगाचा विषय संपला.

तांडेलचं ट्रेनिंग मी सावकाश केलं. दोन वर्षांचा असताना दोनच रेस, दोन्ही १४०० मीटर, एक तिसरा एक पहिला. मग विश्रांती. तीन वर्षांचा झाल्यावर मैलाची रेस, त्यात दुसरा आला आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जो अंतर कापत होता ते बघूनच कळलं की अजून आठशे मीटर मिळाले तर हा थांबत नाही. डर्बीला मी जॉकीला सूचना दिली की मध्ये राहा, घाई नको. शेवटच्या वळणाला तो सातवा की आठवा होता, बाहेरून आला, आणि पुढचे सगळे दमले होते तसा हा दमलाच नाही. आई मागे उभी राहून बघत होती, ती ओरडली तेव्हा मला कळलं की जिंकलाय. दादाला फोन केला, त्यानी पहिला प्रश्न विचारला, बाप कोण? मी म्हटलं, आधी आजी कोण ते विचार.

त्याच सीझनला फेब्रुवारीत मी आणि दादा मांडव्याहून लाँचनी मुंबईला गेलो, खरी इंडियन डर्बी बघायला, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते महालक्ष्मीला. १९४३ ला ही रेस पहिल्यांदा झाली ती प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या फिलीनी जिंकली होती, म्हणजे सुरुवातच मादीनी केलीये. रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात तिथे कठड्याला टेकून उभे राहिलो. गर्दीतले बहुतेक लोक भाव बघत होते, मी कार्डावर प्रत्येक घोड्याच्या आईचं नाव बघत होतो आणि मग मान वर करून त्या घोड्याचे पाय. एक घोडा घामानी भिजून कानामागे फेस आलेला, एक इतका शांत की जणू वाडीत चरायला चाललाय. अंग एवढं चकचकीत असतं की त्याखालची शीर न् शीर दिसते, हे स्क्रीनवर कधी कळत नाही. आणि या प्रत्येक घोड्यामागे कुणीतरी अकरा महिने वाट बघितलीये, थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी प्रत्यक्ष घोड्याकडे न्यावी लागते, रात्री-अपरात्री ती व्यायला बसली की जागं राहावं लागतं, हे सगळं मला तिथे उभं राहून पहिल्यांदा नीट जाणवलं. गेममध्ये एक बटण दाबून पुढचा महिना येतो.

आता तांडेल निवृत्त झालाय आणि स्टॅलियन म्हणून त्याची फी चांगली येते, दुसरे खेळणारे त्यांच्या घोड्या पाठवतात. दादाचं म्हणणं आहे की त्या पैशातून बाहेरची एक नामांकित घोडी घ्यावी. मी तो पैसा फेणीवर लावतोय, तांडेलची सख्खी बहीण, तेच रक्त, फक्त वेग थोडा कमी. तिला त्या पूर्वजापासून अजिबात नातं नसलेला घोडा हवा, नाहीतर रक्त फार दाट होईल, आणि तो मैलाचा हवा म्हणजे वेग भरून निघेल. दोन नावं वहीत लिहून ठेवलीयेत. एकाची शिंगरं लवकर तयार होतात पण तापट निघतात, दुसऱ्याची शांत असतात पण त्याची फी जवळजवळ दुप्पट आहे. मी दुसऱ्याकडे झुकतोय. भरती आता म्हातारी झालीये, यंदा तिला शेवटचं शिंगरू होईल, ते नर असो वा मादी, विकणार नाही.